अंबाझरीच्या खालची गल्ली, बोटीचा ट्रेलर आणि सात फुटी शटर : कामाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

हे काम कशासाठी, एवढे आधी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच घेतले आहेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. आमची गल्ली त्यांतलीच आहे. घोट्यापर्यंतचे पाणी कंबरेपर्यंत यायला आमच्याकडे अर्धा तासही लागला नाही आणि त्या वेळात तळमजल्यावरच्या चार वृद्ध माणसांना जिन्यावर चढवताना आम्हां शेजाऱ्यांची जी धावपळ झाली, ती पुन्हा होऊ नये म्हणून पाच घरांनी वर्गणी काढून एक वापरलेली फायबरची बोट विकत घेतली. रामटेककडे मासेमारीचा ठेका असलेल्या एका गृहस्थांकडून ती ट्रेलरसह आज आली. ती ठेवायची जागा म्हणजे आमचे गॅरेज, कारण गल्लीत बंद गॅरेज एवढे एकच आहे.

हे गॅरेज अ‍ॅम्बेसेडर गाडीसाठी बांधलेले आहे. शटरची मोकळी रुंदी सात फूट, आतली लांबी साडेअठरा फूट. ट्रेलरची रुंदी मडगार्डपासून मडगार्डपर्यंत सहा फूट चार इंच आणि लांबी साडेएकोणीस फूट. गल्ली बारा फुटांची आहे, फाटक दहा फुटांचे आहे, आणि फाटकापासून शटरपर्यंत आठ फुटांचा रॅम्प चौदा इंच चढतो. बोट आणणाऱ्या जीपच्या चालकाने गल्लीच्या तोंडाशी उतरून दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले, "साहेब, गाडीनं नाही होत हे. हातानंच घ्या लागते." त्याचे म्हणणे बरोबर होते. ट्रेलर गल्लीत भिंतीला लावून, ताडपत्री टाकून ठेवला आहे आणि शेजाऱ्यांच्या दोन मोटारगाड्या तेवढे दिवस बाहेर मोठ्या रस्त्यावर उभ्या राहणार आहेत.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी सहा जण जमलो आणि सरळ ढकलून पाहिले. हा निर्णय चुकीचा होता व तो माझा होता. ट्रेलर तिरका करून मागची बाजू फाटकात घातली. चाके रॅम्पवर चढली. तेवढ्यात पुढच्या ओढायच्या दांड्याखालचे लहान टेकूचे चाक, म्हणजे जॉकी व्हील, गटाराच्या झाकणाच्या फटीत अडकले. दांडा धरलेल्या दोघांना पुढे-मागे काहीच करता येईना. बाकीच्या चौघांचे हात दमले, चाकांमागे लावायला काहीही जवळ ठेवलेले नव्हते आणि ट्रेलर दीड फूट मागे घसरून फाटकाच्या खांबावर आदळला. डावे मडगार्ड चेपले आणि खांबाचे प्लास्टर उडाले. शेजारच्या दादांची बोटे खांब आणि मडगार्ड यांच्यामध्ये सापडता सापडता राहिली. तीन तास गेले आणि ट्रेलर होता तिथेच परत आला.

दुरुस्तीचे १,४०० रुपये पुढे लागले. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्याच दिवशी एक नियम ठरवला: प्रत्येक चाकामागे सागवानी गुटका घेऊन एक माणूस चालेल, चाक वीत वीत सरकेल तसा गुटका सरकेल, आणि गुटकेवाल्या माणसाने ढकलायला हात लावायचा नाही.

१६ एप्रिल, बुधवार

किती वजन आपण ढकलत आहोत हे कोणालाच माहीत नव्हते. विकणाऱ्याने "चार-पाचशे किलो" सांगितले होते. ट्रेलर जीपला लावून वाडीच्या रस्त्यावरील धर्मकाट्यावर नेला, तेव्हा इंजिनासह ६८० किलो भरले. काट्याचे ८० रुपये लागले. हे पैसे पहिल्या दिवशीच खर्चायला हवे होते.

संध्याकाळी भंगारवाल्याकडचा लटकता काटा मागून आणला, तो दांड्याला अडकवून सपाट गल्लीत ट्रेलर ओढला आणि काटा वाचला. ४६ किलो. सपाट जमिनीवर या वजनाला साधारण १२ ते १५ किलोंचा ओढा पुरायला हवा, म्हणजे चाकांमध्येच काहीतरी धरत होते. हवा तपासली तर एका टायरमध्ये १४ पीएसआय होती आणि दुसऱ्यात २०.

२० एप्रिल, रविवार

दोन्ही हब उघडले. उजव्या बाजूचे बेअरिंग गंजून जवळजवळ बसलेले होते. बोट पाण्यात उतरवताना ट्रेलरची चाके प्रत्येक वेळी पाण्यात जातात आणि रस्त्यावर तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढले जाते. वर्षानुवर्षे ग्रीस बदलले नाही तर असे होणारच. दोन्ही बाजूंची बेअरिंगे, सील आणि ग्रीस मिळून २,६०० रुपये, मजुरी ८०० रुपये. टायरांच्या बाजूंना भेगा होत्या, म्हणून ओम्नी व्हॅनच्या मापाचे बारा इंची दोन टायर ट्यूबसह घेतले, त्याचे ६,९०० रुपये झाले. हवा ३८ पीएसआय भरली.

त्याच काट्याने त्याच जागी पुन्हा ओढून पाहिले: १३ किलो. माझी पत्नी एकटी ट्रेलर गल्लीत सरकवू शकली. जे कोणी असे काम करणार असतील त्यांनी माणसे गोळा करण्याआधी हा एक दिवस चाकांवर घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही १३ तारखेला सहा माणसांची ताकद गंजलेल्या बेअरिंगवर खर्च केली होती.

२६ एप्रिल, शनिवार

सपाटीचा प्रश्न मिटला, रॅम्पचा राहिला. आठ फुटांत चौदा इंच म्हणजे साधारण सातास एक चढ. इंजिनासह ६८० किलोंना तो चढवायला वजनामुळे ९८ किलोंचा आणि चाकांचा धरून ११० किलोंचा ओढा सतत हवा. चार माणसे तो देतीलही, पण पुरात रात्री चार माणसे माझ्या घरात असतीलच असे नाही. त्या पहाटे घरात मी, पत्नी आणि आई एवढेच होतो. म्हणून पाचही घरांनी बसून असे ठरवले की कोणत्याही दोन प्रौढ माणसांना, वीज नसताना, पंधरा मिनिटांत बोट गल्लीत आणता आली पाहिजे. आत नेणे निवांतपणी होईल. घाई बाहेर काढतानाच असणार. त्यामुळे बोट मागच्या बाजूने आत जाईल आणि दांडा शटरकडे राहील.

इंजिन सुमारे ५५ किलोंचे आहे. ते उतरवून भिंतीवरच्या स्टँडवर पाच फूट उंचीवर टांगायचे ठरले, कारण २०२३ मध्ये गॅरेजात तीन फूट चार इंच पाणी होते.

२७ एप्रिल, रविवार

ओळखीच्या कंत्राटदाराकडून एक टनाचा चेन ब्लॉक, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायचे साधन, भाड्याने आणला. मागच्या भिंतीत चार अँकर बोल्ट मारले, त्यांना कडी लावली आणि ओढायला सुरुवात केली. दोन्ही गोष्टी फसल्या. असा चेन ब्लॉक उभ्या उचलीसाठी असतो. आडवा लावल्यावर हाताची साखळी चाकावरून सारखी उतरत होती आणि दर दोन हातांनी ती बसवावी लागत होती. त्याहून वाईट म्हणजे भिंत विटांची आहे आणि ओढ सुरू झाल्यावर दोन बोल्ट विटेच्या भुग्यासकट अर्धा इंच बाहेर आले. त्या वेळी ट्रेलरची चाके रॅम्पच्या मध्यावर होती. गुटक्यांनी तो जागीच थांबवला. भाडे आणि बोल्ट मिळून १,१५० रुपये वाया गेले, परंतु गुटक्यांचा नियम त्या दिवशी कामी आला नसता तर मोठे नुकसान झाले असते.

४ मे, रविवार

मागच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत काँक्रीटचे कॉलम आहेत. त्यांच्यामध्ये जमिनीपासून दहा इंचांवर १०० मिमीचा लोखंडी चॅनेल आडवा टाकला आणि दोन्ही टोके १६ मिमीच्या फास्टनरांनी कॉलमांमध्ये बसवली. चॅनेल, फास्टनर, भाड्याचे ड्रिल मशीन व मजुरी यांचे ३,९०० रुपये. हा आधार आता हलत नाही.

ब्रेकचे हँड विंच, म्हणजे हँडल फिरवून ड्रमवर वायर गुंडाळत वजन ओढायचे यंत्र, ८,२०० रुपयांना घेतले. ब्रेक नसलेले निम्म्या किमतीत मिळत होते, पण त्यात दातेरी चाक अडवणारा खिळा सुटला की हँडल उलटे गरगर फिरते आणि मनगट मोडू शकते. उतारावरून वजन खाली सोडायचे असेल तर ते घेऊच नये.

आता मोठी चूक. विंच मी हौसेने चॅनेलच्या बरोबर मध्यावर बसवले. संध्याकाळी समोरचे काका पाहायला आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बोट आत आल्यावर हँडल फिरवणारा उभा कुठं राहीन?" बोटीच्या मागे माणसाला उभे राहण्याइतकी जागाच उरणार नव्हती. शिवाय ओढत्या वजनाच्या आणि भिंतीच्या मध्ये माणूस उभा करणे हा जिवाशी खेळ होता आणि विंच स्वतःच आठ इंच पुढे आलेले असल्यामुळे लांबीही खाल्ली जात होती. इतके सगळे मोजूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

१० व ११ मे

ऊन वाढल्यामुळे काम सकाळी साडेपाच ते आठ एवढेच चालते. नऊनंतर लोखंडाला हात लावता येत नाही.

विंच काढून शटरच्या डाव्या कॉलमवर, आतल्या बाजूने, कमरेच्या उंचीवर बसवले. मागच्या चॅनेलला पुली लावली आणि ६ मिमीची वायर विंचपासून पुलीला वळसा घालून ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीला अडकवली. हँडल फिरवणाऱ्याला तिथून दोन्ही चाके, दोन्ही बाजूंचे अंतर आणि दांडा धरणारा माणूस हे सगळे दिसते. पहिल्या ओढीत मात्र वायर तिरकी जात असल्यामुळे डावे चाक तिच्यावर चढले आणि तिला पीळ पडला. तेवढा तुकडा कापून टाकला आणि दोन पुल्या केल्या: एक डाव्या कोपऱ्यात, एक मध्यावर. आता वायर भिंतीच्या कडेने मागे जाते, कोपऱ्यातून मध्याकडे वळते आणि तिथून सरळ पुढे येते. पंधरा मीटर वायर, पुल्या आणि शॅकल (वायर अडकवायची लोखंडी कडी) मिळून १,६५० रुपये.

ओढ असताना वायरवर एक जाड ओली गोणी टाकून ठेवतो, म्हणजे ती तुटलीच तर चाबकासारखी उडणार नाही. वायरच्या रेषेत आणि ट्रेलरच्या उताराकडच्या बाजूला कोणीही उभे राहत नाही. मुलांना फाटकाबाहेर ठेवतो.

१७ मे, शनिवार

ट्रेलर लांबीने गॅरेजपेक्षा एक फूट मोठा आहे, हे काम इतके दिवस पुढे ढकलले होते. हिंगणा रोडवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वेल्डरशी बोललो. त्याने सुचवले की दांडा कापून वेगळा करू नये. सुटा तुकडा अंधारात सापडत नाही. त्याऐवजी दांड्याचा पुढचा भाग मागच्या भागात दुर्बिणीसारखा दीड फूट सरकेल असा करावा आणि दोन १६ मिमीच्या पिनांनी अडकवावा. हा सल्ला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा ठरला. खर्च ६,५०० रुपये.

भोके मात्र पाइप रंगवण्याआधी पाडली गेली होती. रंगाच्या थरामुळे आणि पाव मिलिमीटरच्या फरकामुळे पिना हातोड्याशिवाय निघेनात. दिवाळीत उघडायचा संदूक असता तर चालले असते. पाण्यात उभे राहून रात्री हातोडी शोधणे चालणार नाही. परत नेऊन भोके १७ मिमी करून घेतली, ६०० रुपये दिले आणि पिनांना ग्रीस व साखळीने बांधलेल्या क्लिपा लावल्या.

२५ मे, रविवार

मुंबईहून मागवलेले जोडचाकांचे आठ इंची जॉकी व्हील नऊ दिवसांनी आले. वाहतुकीसह ४,८५० रुपये. ते दांड्याच्या सरकत्या भागावर बसवू नये, मागच्या स्थिर भागावर बसवावे, नाहीतर दांडा आत घेताना तेच आडवे येते. गल्लीतल्या गट्टूंवर आणि झाकणावर टाकायला १९ मिमी प्लायच्या तीन फळ्या कापून घेतल्या. गुटके, दोर आणि प्लाय मिळून १,३५० रुपये.

आज वळणाचा सराव केला. आधी आम्ही दांडा पूर्ण बाहेर ठेवून वळवत होतो आणि तो समोरच्या भिंतीला लागत होता; समोरच्या काकूंनी दर वेळी त्यांचे फाटक उघडून दिले, त्यांच्या तुळशीच्या वृंदावनाला दांडा लागू नये म्हणून स्वतः उभ्या राहिल्या. दांडा आत सरकवल्यावर एक्सलपासून टोकापर्यंतची लांबी साडेअकरावरून दहा फुटांवर आली. आता क्रम असा आहे: दांडा आत, ज्या बाजूला वळायचे त्या चाकाला दोन्हीकडून गुटके, आणि जॉकी व्हील फळीवरून बाजूला ढकलायचे. ट्रेलर त्या चाकाभोवती फिरतो. दोनदा पुढे, दोनदा मागे असे चार टप्प्यांत तो फाटकासमोर सरळ होतो. काकूंचे फाटक आता उघडावे लागत नाही.

१ जून, रविवार

शटरमध्ये दोन्ही बाजूंना चार-चार इंच उरतात. दिवसा ते पुरेसे वाटते. बॅटरीच्या उजेडात अजिबात पुरत नाही. चाके आपोआप रेषेत राहावीत म्हणून जमिनीवर ६५ मिमीचे अँगल बसवले (१,९०० रुपये) आणि पहिल्याच फेरीत अँगलच्या धारेने नव्या टायरच्या बाजूला बोटभर लांब चर पडला. चर खोल नव्हता, टायर वाचला. अँगल काढून टाकले.

८ जून, रविवार

त्यांच्या जागी ५० मिमीचे जीआय पाइप बसवले. रॅम्पच्या वरच्या टोकाला ते नरसाळ्यासारखे बाहेर वाकवले आहेत, त्यामुळे ट्रेलर दोन-तीन इंच तिरका आला तरी पाइपाच्या गोलाईवर टायर घासून स्वतःच मध्यावर येतो. २,७०० रुपये.

आज ट्रेलर पहिल्यांदा पूर्ण आत गेला. इंजिन काढलेले असल्यामुळे ओढ १०० किलोंच्या आसपास होती आणि विंचवर ती माझ्या भाच्याने एका हाताने घेतली. पत्नीने दांडा धरला होता. गुटक्यांवर दोन शेजारी होते. फाटकापासून शटर बंद होईपर्यंत बावीस मिनिटे लागली. आठ आठवड्यांनंतर शेजाऱ्यांच्या गाड्या आज गल्लीत परत आल्या. दांडा आणि शटर यांच्यामध्ये पाच इंच उरले आहेत.

१५ जून, रविवार

बाहेर काढण्याचा सराव. दोन माणसे, दिवे बंद, हातात फक्त बॅटरी: मी आणि पत्नी.

पहिल्या वेळी सत्तावीस मिनिटे लागली. ब्रेकच्या विंचमधली वायर सैल सोडायची असेल तर वायरवर थोडा ताण लागतो; गॅरेजच्या सपाट जमिनीवर तो नसतो आणि वायर ड्रमवर गोळा होऊन अडकते. दुसऱ्या वेळी पत्नीने दांडा सतत पुढे ओढून ताण ठेवला आणि मी हँडल उलटे फिरवत राहिलो, सोळा मिनिटे. तिसऱ्या वेळी शटरची किल्ली, गुटके, पिना आणि फळ्या यांच्या जागा भिंतीवर पांढऱ्या रंगाने आखून घेतल्या होत्या, तेरा मिनिटे.

एक गोष्ट या सरावात स्पष्ट झाली. पाणी गॅरेजात शिरेपर्यंत थांबता येणार नाही. बोट ट्रेलरला पट्ट्यांनी बांधलेली असते. आत दोन-अडीच फूट पाणी आले तर ती ट्रेलरसकट उचलली जाईल, शटरला टेकेल आणि शटर वर जाणार नाही. म्हणून फाटकाच्या खांबावर, गल्लीच्या पातळीपासून तीन इंचांवर, लाल रेघ मारली आहे. पाणी त्या रेघेला लागले की बोट बाहेर काढायची, मग पाऊस ओसरत असला तरी. ट्रेलर गल्लीत आल्यावर इंजिन चढवायला तिसरा माणूस लागतो. तो येईपर्यंत वल्ह्यांवर काम भागवायचे. वाहत्या पाण्यात ही बोट न्यायची नाही, घरापासून जिन्यापर्यंत किंवा गल्लीच्या तोंडापर्यंत माणसे पोहोचवायची, हेही पाचही घरांना सांगितले आहे.

२२ जून, रविवार

हिशेब पूर्ण केला. बोट सोडून फक्त ठेवण्याच्या व्यवस्थेवर ४४,५८० रुपये झाले. त्यांतले ५,०५० रुपये निव्वळ चुकांचे आहेत: मडगार्ड व खांब, विटेतले बोल्ट व चेन ब्लॉक, पिनांची दुसरी खेप आणि अँगल. पाच घरांमध्ये वाटणी करताना चुकांची रक्कमही सगळ्यांनी वाटून घेतली. मी ती एकट्याने द्यायला तयार होतो, पण कोणी ऐकले नाही.

आज दुसऱ्या दोन घरांतल्या माणसांकडून, मी काहीही न सांगता, बोट बाहेर काढून घेतली. समोरच्या काकांनी हँडल धरले, शेजारच्या वहिनींनी दांडा. चौदा मिनिटे लागली. त्यांतली तीन मिनिटे वायरचे शॅकल सोडण्यात गेली, कारण ते मागच्या पट्टीला खालून लावलेले आहे आणि त्यासाठी गुडघ्यावर बसून बोटीखाली हात घालावा लागतो. पाण्यात ते आणखी अवघड होईल. पुढच्या रविवारी त्याच्या जागी झटक्यात सुटणारा हुक लावून वरून सोडता येईल अशी पट्टी वेल्ड करून घ्यायची आहे.